चिरकारी की दीर्घसूत्री?

एखादी वस्तू आज घ्यावी, की तिच्याहून सरस वस्तू लौकरच बाजारात येणार म्हणून थोडे थांबावे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. तो दुकानाच्या फळीवर सोडवावयाचा प्रश्न आहे असे समजून ग्रंथकार पुढे जातात. कापड, भांडी, धान्य यांच्यापुरते हे ठीकच होते. कारण आजच्या तांब्याहून पुढील वर्षीचा तांब्या दुप्पट पाणी धरील, ही चिंता आमच्या आजोबांना कधी पडली नाही. परंतु संगणक नावाचे जे यंत्र मनुष्याच्या हाती आले आहे त्याचा स्वभावच असा की, ते विकत घेतल्या दिवसापासून जुने होऊ लागते. त्याचा मेंदू म्हणजे प्रोसेसर; आणि या प्रोसेसरांच्या पिढ्या माणसांच्या पिढ्यांप्रमाणे पंचवीस-तीस वर्षांनी पालटत नाहीत, वर्षा-दीड वर्षाने पालटतात. त्यामुळे थांबावे की घ्यावे हा प्रश्न आता केवळ काटकसरीचा राहिलेला नाही. निदान जेथे घेणारा एक आणि वापरणारा दुसरा असतो तेथे तो कर्तव्याचा प्रश्न झाला आहे, असे आम्हांस वाटते. आणि कर्तव्याचा प्रश्न म्हणूनच त्याचा येथे विचार करण्याचे योजिले आहे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात महाविद्यालयांच्या खरेदी-समित्यांवर ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांना हा वाद पाठ असतो. अनुदान मंजूर झालेले असते, दरपत्रके आलेली असतात, तुलनात्मक तक्ताही तयार असतो. अशा वेळी एखादा सभासद शांतपणे सांगतो की, या प्रोसेसरची पुढची पिढी चार-सहा महिन्यांत येत आहे. ती आली की आजची पिढी स्वस्त तरी होईल, नाहीतर त्याच पैशात नवी तरी मिळेल. मग सार्वजनिक पैसा आज शिळ्या मालावर का घालावा? हा सभासद बहुधा समितीतील सर्वांत जाणता असतो, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. तो आळशी नसतो, लबाड तर नसतोच. त्याचे म्हणणे खोडून काढण्याइतके ज्ञान इतरांजवळ नसते, आणि विषय पुढील सभेवर जातो. पुढील सभेच्या वेळी त्या पिढीच्याही पुढच्या पिढीची बातमी आलेली असते.

या युक्तिवादाचा विशेष असा की तो रोज खरा असतो. ‘आज पाऊस आहे, उद्या निघू’ असे म्हणणाऱ्याचा पाऊस केव्हातरी थांबतो. परंतु ‘उद्याचे यंत्र आजच्याहून चांगले आहे’ हे वाक्य ज्या दिवशी उच्चारावे त्या दिवशी तितकेच सत्य असते. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली एका लेखात असे दाखविले की, एका चिपेवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत चालली आहे. १९७५ साली त्यांनीच हा अवधी दोन वर्षांचा केला. हा काही सृष्टीचा नियम नव्हे. धंद्यातील एका माणसाने धंद्याच्या गतीविषयी केलेले ते अनुमान होते. परंतु ते पुढे दशकानुदशके इतके खरे ठरत गेले की, लोक त्यास गुरुत्वाकर्षणाच्या पंक्तीला बसवू लागले. ज्या कारणाने आज थांबावयाचे तेच कारण उद्या शिल्लक राहत असेल, तर त्या कारणाने थांबणारा मनुष्य कधीच निघणार नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही समजेल. तरीही हा युक्तिवाद आम्हां सर्वांस पटतो, कारण आपण तो एका वेळी एकदाच ऐकतो. त्याची रांग कोणी लावून दाखवीत नाही.

थांबणाऱ्याच्या बाजूचे सर्वांत चांगले म्हणणे आमच्या वाचनात आले ते अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांचे. १९९९ साली त्यांनी अर्धवट विनोदाने, पण गणित मात्र चोख मांडून, एक छोटा निबंध लिहिला. संगणकाची शक्ती दर अठरा महिन्यांनी दुप्पट होते असे धरले, तर ज्या गणनेला आजच्या यंत्रावर सव्वीस महिन्यांहून अधिक काळ लागणार असेल ती आज सुरूच करू नये. काही काळ स्वस्थ बसावे, मग नवे यंत्र घेऊन आरंभ करावा, म्हणजे काम लौकर संपेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे खरे आहे. आम्ही स्वतः कागद-पेन्सिल घेऊन ताळा करून पाहिला. चाळीस महिन्यांचे काम सुमारे अकरा महिने थांबून मग हाती घेतले तर ते आरंभापासून सदतीस महिन्यांच्या सुमारास संपते. म्हणजे अकरा महिने हातावर हात ठेवून बसल्याचे बक्षीस तीन महिने! गणित निर्दोष आहे. परंतु त्यात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. नवे यंत्र ठरल्या वेळी, ठरल्या भावात येणार. काम एकच असून ते शेवटास नेणे एवढाच हेतू आहे. आणि मधल्या काळात वाट पाहणाऱ्याखेरीज कोणाचेच काही बिघडत नाही. खगोलशास्त्रज्ञाच्या ताऱ्यांना या तीनही बाबतींत घाई नसते. प्रश्न आमचा आहे.

पहिल्या गृहीताविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. इंटेल कंपनीने २००४ साली आपल्या पेंटियम-४ या प्रोसेसरची चार गिगाहर्ट्झची आवृत्ती काढण्याचा बेत सोडून दिला, कारण वेग वाढविता वाढविता उष्णता आवरेना. त्याच कंपनीची दहा नॅनोमीटरची म्हणून गाजलेली पिढी २०१६ च्या सुमारास यावयाची होती. ती बाजारात पुरेशा संख्येने दिसू लागली २०१९ साली. म्हणजे जो ‘आणखी सहा महिने’ म्हणून बसला तो तीन वर्षे बसला. भावाचेही तसेच. संगणकाचे भाग काळाबरोबर स्वस्त होत जातात ही समजूत इतकी रूढ आहे की, २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मागणी वाढविल्यामुळे स्मृतीच्या चिपांचे भाव भराभर चढले, तेव्हा पुष्कळांचा त्यावर विश्वासच बसेना. रोमच्या राजाकडे सिबिल नऊ ग्रंथ घेऊन आली, त्याने किंमत जास्त म्हणून नाकारली, तिने तीन जाळून उरलेल्या सहांची तीच किंमत सांगितली, पुन्हा तीन जाळले आणि शेवटी राजाने तीन ग्रंथ नवांच्या भावाने घेतले, ही कथा प्रसिद्धच आहे. बेकनने विलंबावरील आपल्या छोट्या निबंधात तिची आठवण दिली आहे. आणि तो बाजार ओळखणारा मनुष्य होता.

वाट पाहण्याचा रोग केवळ गिऱ्हाइकाचेच नुकसान करतो असे नाही. अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे बालपण तिरुवण्णामलै येथे, रमणमहर्षींच्या सान्निध्यात गेले. पुढे अमेरिकेत त्यांनी उचलून नेता येईल असा संगणक काढून १९८१ साली मोठे नाव मिळविले. १९८३ साली त्यांची कंपनी दिवाळ्यात निघाली. पुढचे नमुने येणार असे त्यांनी अगोदरच बोलून दाखविले, त्यामुळे लोकांनी असलेला संगणक घेण्याचे थांबविले आणि पुढचा तयार करण्यास पैसा उरला नाही, असे या बुडण्याचे कारण सांगतात. इतरही कारणे होती असे म्हणणारे आहेत, आणि ते बरोबर असावेत. तथापि यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: उद्याच्या यंत्रासाठी सर्वच थांबले तर उद्याचे यंत्र तयारच होत नाही. ते आज विकत घेणाऱ्यांच्या पैशावर जन्मास येते. जो थांबतो तो न थांबणाऱ्यांच्या जिवावर थांबतो.

आता दुसरे गृहीत. येथे आपल्याच प्रांतातील दोन उदाहरणे आहेत, आणि ती आम्हांस कोणत्याही तात्त्विक चर्चेहून अधिक बोलकी वाटतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी स्वतः संगणक बांधावयास घेतला. त्याचा लहान नमुना १९५६ साली चालू झाला. पूर्ण यंत्र १९६० साली. पुढे त्यास टिफ्रॅक असे नाव मिळाले. हे यंत्र निर्वात नळ्यांचे होते. ट्रान्झिस्टरचा शोध तर १९४७ सालीच लागला होता, आणि टिफ्रॅक पुरता उभा राहीपर्यंत पाश्चात्त्य देशांत नळ्यांचे युग मावळू लागले होते. म्हणजे आपल्या सभासदाच्या भाषेत सांगावयाचे तर, हे यंत्र जन्मताच शिळे होते. १९६४ साली संस्थेत परदेशातून आणलेला सीडीसी ३६०० हा त्याहून पुष्कळ मोठा संगणक आला आणि लौकरच टिफ्रॅक निकालात निघाला. हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिले तर पाच वर्षांच्या आयुष्यासाठी एवढा खटाटोप! परंतु तो खटाटोप करणाऱ्यांपैकी कोणीही आधी संगणक बांधलेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे हिशेब पालटतो. सीडीसी आला तेव्हा त्याच्यापुढे बसण्यास या देशात माणसे तयार होती, कारण ती आधी एका शिळ्या यंत्रापुढे बसली होती.

दुसरे उदाहरण आमच्या वऱ्हाडाशी नाते सांगते. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले विजय भटकर यांच्याकडे १९८८ साली पुण्याच्या सी-डॅक या नव्या संस्थेची धुरा आली. त्याआधी भारत सरकार अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळविण्याच्या खटपटीत होते. हवामानाच्या अंदाजासाठी एक यंत्र अटी घालून मिळाले. बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी हवे होते ते मिळाले नाही. अशा वेळी थांबण्याचे दोन मार्ग मोकळे होते. परवानगीची वाट पाहता आली असती, किंवा स्वतःचा एकच प्रचंड वेगाचा प्रोसेसर घडेपर्यंत बसता आले असते. पुणेकरांनी तिसरेच केले. इंग्लंडातील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर बाजारात मिळत होते. एकेकट्याचे बळ बेताचेच. परंतु ते एकमेकांस जोडता येतील अशाच हेतूने घडविलेले होते. त्यांची जुळणी करून १९९१ साली परम ८००० उभा राहिला.

या कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि आमच्या विषयाला तोच अधिक लागू आहे. त्याच १९९१ साली इन्मॉसने ट्रान्सप्युटरची पुढची पिढी, टी-९०००, जाहीर केली. ती आधीच्या टी-८०० हून कितीतरी पटींनी वेगवान होणार होती. जगभर ट्रान्सप्युटरवर काम करणारे लोक तिच्याकडे डोळे लावून बसले. ती लांबली, पुन्हा लांबली. आणि अखेर आली तेव्हा बोललेला वेग तिला गाठता आला नाही. पुण्यात मात्र पुढच्या यंत्रात, परम ८६०० मध्ये, इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर जोडून काम चालू राहिले. म्हणजे ज्या प्रोसेसरवर आरंभ केला त्याचा वंशच खुंटला, तरी काम खुंटले नाही. कारण त्या तीन वर्षांत जे कमावले ते प्रोसेसरात नव्हतेच. शेकडो लहान यंत्रांत काम वाटून कसे द्यावे, एकाचे उत्तर दुसऱ्याला वेळेवर कसे पोचवावे, ही विद्या कमावली होती. आणि ती विद्या प्रोसेसर बदलल्याने शिळी होत नाही. २००३ साली याच घराण्यातील परम पद्म जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत गेला, तेव्हा त्यात ट्रान्सप्युटरचा अंशही नव्हता. ट्रान्सप्युटरवर गिरविलेला धडा मात्र होता.

अ‍ॅरिझोनाच्या गणितात या धड्याला जागा नाही, कारण त्यांचे काम यंत्राने करावयाचे होते, माणसाने शिकावयाचे नव्हते. जेथे शिकणे हाच हेतू आहे तेथे अकरा महिने स्वस्थ बसणारा मनुष्य अकरा महिन्यांनंतर जेथल्या तेथेच असतो. यंत्र तेवढे नवे असते.

एवढ्यावरून ‘थांबणे म्हणजे पाप’ असा सिद्धान्त काढणारा उतावळा मनुष्य आमच्या जिल्ह्यात फार दिवस टिकणार नाही. येथील शेतकऱ्याला विचारा. मृगाची पहिली सर आली की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून तिफणीवर चढतो. मग पाऊस दडी मारतो, अंकुर करपतात आणि दुबार पेरणीचे बियाणे उसनवारीने आणावे लागते. साधारण पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमीन ओलावल्याशिवाय पेरू नका, असे कृषिखाते दर वर्षी सांगते, आणि ते सांगणे शहाणपणाचे आहे. पण हे थांबणे आणि समितीतील थांबणे एक नव्हे. शेतकऱ्याच्या थांबण्याला एक खूण आहे, ती म्हणजे जमिनीतील ओल. आणि एक मर्यादा आहे, कारण पेरणी फार लांबली तर कपाशीला पुढे दिवस पुरत नाहीत. शिवाय ओलीची वाट पाहताना तो बसलेला नसतो. वखरणी करतो, काडीकचरा वेचतो, बियाणे आणून ठेवतो. पुढील वर्षी याहून चांगले वाण निघणार आहे म्हणून यंदा रान पडीक ठेवणारा शेतकरी मात्र आम्ही अद्यापि पाहिला नाही. आणि त्याने तसे केले नाही हे बरेच झाले. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली त्याची दुसरी पिढी आली, आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्या दोन्ही पिढ्यांना पुरून उरली.

उलट बाजूचे उदाहरणही याच मातीत आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणत, इंग्रजी अमदानीत कापूस वाहून नेण्यासाठी घातली गेली. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत होते, यावरून तिच्या चालीची कल्पना यावी. रुंद रूळ येणार, या आशेवर या जिल्ह्याच्या किमान दोन पिढ्या वाढल्या. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ च्या अंदाजपत्रकात मंजूर झाला. त्यातला वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मधल्या काळात शकुंतलाही बंद पडली. मोठी गाडी येणारच आहे, आता या खेळण्याला डागडुजी कशाला, असे म्हणणारे शहाणे लोक आम्ही पुष्कळ ऐकले. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे मोटार होती. दारव्ह्याच्या किंवा लाडखेडच्या स्थानकावर बोचके घेऊन उभी राहणारी बाई त्या चर्चेत नव्हती.

महाभारताच्या शान्तिपर्वात विलंबाविषयी दोन कथा आहेत, आणि दोन्ही भीष्मांनीच युधिष्ठिराला सांगितलेल्या आहेत. एकीत तीन मासे आहेत. तळ्याचे पाणी काढून टाकले जात आहे असे दिसताच एक वेळीच दुसरीकडे निघून जातो, दुसरा ऐन वेळी युक्तीने सुटतो, आणि तिसरा दीर्घसूत्री, ‘पाहू, इतकी घाई काय’ म्हणत मरतो. दुसरी कथा गौतमाच्या चिरकारी नावाच्या मुलाची. बापाने रागाच्या भरात आईला मारण्याची आज्ञा केली आणि तो निघून गेला. मुलगा स्वभावतः मंद. आज्ञा मोडावी की मातृहत्या करावी याचा विचार करीत तो बसून राहिला. इतक्यात बापाचा राग उतरला, तो पश्चात्तापाने धावत आला, आणि आई जिवंत पाहून त्याने मुलाच्या चिरकारीपणाचे कौतुक केले. एकच पर्व एका विलंबाला मृत्यू देते आणि दुसऱ्याला आशीर्वाद. हा विरोध टीकाकारांना कधी खटकला असला तरी आम्हांस तो खटकत नाही. चिरकारीने जे लांबविले ते केल्यावर परत घेता येणारे नव्हते, आणि लांबविल्याने कोणाचेही नुकसान होत नव्हते. माशाने जे लांबविले ते पुन्हा करता येणारे नव्हते, आणि तळ्यातले पाणी क्षणोक्षणी कमी होत होते. विलंबाची नीती विलंबात नाही. मधल्या काळात पाणी कमी होत आहे की नाही, आणि ते कोणाच्या अंगाखालचे, यात ती आहे.

म्हणून आम्ही तिसऱ्या गृहीताकडे येतो, आणि खरा प्रश्न तेथेच आहे असे आमचे मत आहे. खाजगी मनुष्य आपल्या पैशाने आपल्यासाठी संगणक घेतो तेव्हा थांबण्याचा तोटाही तोच सोसतो. तेथे आम्हांस बोलण्याचा अधिकार नाही. त्याने दहा वर्षे थांबावे. परंतु महाविद्यालयाची समिती थांबते तेव्हा समितीच्या एकाही सभासदाचे काही बिघडत नाही. त्यांच्या घरी संगणक आहेत, मुलांच्या हाती तर त्याहून नवे आहेत. बिघडते ते झरी-जामणीहून किंवा मारेगावहून एसटीने येणाऱ्या मुलीचे, जिने संगणकशास्त्र हा विषय घेतला आहे आणि जिच्याजवळ एका साध्या मोबाइलखेरीज यंत्र नाही. तिची पदवीची वर्षे तीन. नव्या धोरणाप्रमाणे कोणी चौथे घेतलेच तर चार. समितीचे एक वर्ष म्हणजे तिच्या शिक्षणाचा तिसरा हिस्सा. समिती कायमची आहे, तिला वर्षे मोजण्याचे कारण नाही. ती मुलगी कायमची नाही. एका यंत्रापुढे तिघे बसतात, त्यांपैकी एक कळफलक चालवतो, दोघे पाहतात. आणि कळफलक चालवणारा बहुधा आधीपासून येणाराच असतो, हे कोणत्याही प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून पाहता येईल. तिला जो प्रोग्रॅम लिहावयास शिकावयाचे आहे तो पाच वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरवर जसा चालतो तसाच पुढच्या वर्षीच्या प्रोसेसरवर चालेल. फरक डोळ्याच्या पापणीच्या आत संपतो.

ज्याच्याजवळ काहीतरी आहे त्याने अधिक चांगल्याची वाट पाहणे आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला वाट पाहावयास लावणे, या दोन गोष्टींना मराठीत एकच शब्द आहे, यामुळे हा घोटाळा होतो. पहिला आपल्या आवडीने थांबतो. दुसऱ्याला थांबविले जाते.

येथे आमच्या जाणत्या सभासदाचे एक उत्तर आहे, आणि ते टाळून चालणार नाही. तो म्हणतो, तुम्ही आजच्या मुलीचा विचार करता. सहा वर्षांनंतरच्या मुलीचा कोण करणार? आपल्याला दर वर्षी अनुदान मिळत नाही. आज घेतलेली यंत्रेच तिलाही वापरावी लागतील. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीहून जुने बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाहीत. तेव्हा २०१६-१७ साली ज्यांनी घाईने मागची पिढी पदरात घेतली त्यांच्या प्रयोगशाळांचे काय झाले ते पाहा. वर्षभर थांबले असते तर तीच यंत्रे आज चालू राहिली असती. हे म्हणणे खोटे नाही. लिनक्स घालून ती यंत्रे चालविता येतात, असे आम्ही म्हणू शकतो, आणि कित्येक ठिकाणी चालविलीही जातात. पण तेवढ्याने त्याचा मुद्दा नाहीसा होत नाही. अजून न आलेल्या विद्यार्थ्याचाही आपल्यावर हक्क आहे. मात्र दोघांच्या हक्कांत एक भेद आहे. पुढच्या मुलीचे नुकसान होईल की नाही हे प्रोसेसर, कंपनी, भाव आणि पुढील अनुदान अशा चार अनिश्चित गोष्टींवर अवलंबून आहे, आणि ते भरून काढावयास मध्ये सहा वर्षे आहेत. आजच्या मुलीचे नुकसान या सत्रात, याच खोलीत होत आहे, आणि ती गेल्यावर ते भरून काढावयास कोणी उरत नाही. शिवाय जो सहा वर्षांनंतरच्या मुलीसाठी आज थांबला, तो सहा वर्षांनंतर बारा वर्षांनंतरच्या मुलीसाठी थांबणार नाही कशावरून?

आम्हांस याहून अधिक त्रास देते ते दुसरेच. ज्याने यंत्र घेतले त्याला विचारणारे पुष्कळ असतात. हीच पिढी का, याच भावात का, पुढच्या महिन्यात दर उतरले त्याचे काय, असे लेखापरीक्षक विचारतो, आणि विचारणे त्याचे कामच आहे. परंतु न घेतलेल्या यंत्राविषयी लेखापरीक्षेत एक ओळही येत नाही. अखर्चित रक्कम परत गेली तर एखादा शेरा. आणि प्रयोगशाळेविना गेलेल्या तीन तुकड्यांविषयी शेरा नाहीच, कारण त्यांच्या गुणपत्रिकांवर प्रात्यक्षिकाचे गुण व्यवस्थित छापलेले असतात. अशा व्यवस्थेत भित्रा मनुष्य थांबेल यात नवल नाही. प्रामाणिक मनुष्यही थांबू लागतो, आणि आपल्या भीतीला दूरदृष्टी म्हणू लागतो. गीतेने दीर्घसूत्री कर्त्याला तामस म्हटले आहे, पण आमच्या कार्यालयांत तो सात्त्विकाच्या खुर्चीवर बसतो.

व्यवहारात काय करावे, असे कोणी विचारील. नव्या पिढीची तारीख छापून आलेली असेल, ती महिन्या-दोन महिन्यांची असेल, आणि मधल्या काळात उन्हाळ्याची सुटी असेल, तर खुशाल थांबावे. तेवढी ओल पाहिल्याशिवाय पेरू नयेच. तारीख नुसती बोलली जात असेल तर ती नाही असे समजावे. रक्कम मोठी असेल तर निम्मी यंत्रे आज घ्यावीत आणि निम्मी दोन वर्षांनी. म्हणजे प्रयोगशाळा एकदम तरुण आणि एकदम म्हातारी होणार नाही. या शेवटच्या सूचनेला आमच्या एका सहकाऱ्याने घेतलेला आक्षेप असा की, दोन जातींची यंत्रे एका खोलीत ठेवली तर त्यांचे सुटे भाग, त्यांच्या दुरुस्त्या, त्यांवर प्रणाली घालणे हे सर्व दुप्पट होते, आणि ते ओझे प्रयोगशाळा-सहायकाच्या डोक्यावर येते. आक्षेप योग्य आहे. त्या सहायकाला कोणत्याही समितीने अद्यापि विचारलेले नाही. पुढील सभेस त्यालाच प्रथम बोलवावे.